आमची वाटचाल: पाच लॉगिनपासून एका नोंदीपर्यंत

आमचा व्यवसाय औद्योगिक पंपांची दुरुस्ती करण्याचा आणि त्यांचे सुटे भाग पुरवण्याचा. आम्ही १४ जण आहोत. पंप बंद पडला की त्याच्यावर अवलंबून असलेलं सगळं काम थांबतं, म्हणून आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक फोन घाईचा असतो. आणि त्यात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "मागच्या वेळी कुठलं सील टाकलं होतं?" (सील म्हणजे पंपातून गळती होऊ न देणारा भाग.) बरीच वर्षं आमचं उत्तर एकच होतं: "बघून सांगतो." बघायचं म्हणजे पाच ठिकाणी बघायचं.

चौकशा एका सहकाऱ्याच्या ईमेलमध्ये असत. कोटेशन वर्डच्या फायलींमध्ये, त्याही ज्याने बनवल्या त्याच्याच संगणकावर. स्टॉक स्टोअरमधल्या एक्सेलमध्ये, बिलं आणि येणी हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. दुरुस्तीला कोण गेलं, काय आढळलं, काय बदललं हे तंत्रज्ञांच्या डायऱ्यांत. यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी नीट चालत होती. अडायचं ते एका जागेवरून दुसऱ्या जागी माहिती न्यायची वेळ आली की. रजेवर गेलेल्या माणसाला फोन करून फाइलचं नाव विचारणं आमच्या अंगवळणी पडलं होतं.

आम्ही क्लाउडकडे, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या सेवांकडे, वळलो तेव्हा ती कल्पना नवी राहिली नव्हती. ग्राहकांच्या नोंदी ब्राउझरमधूनच ठेवायच्या, ही सोय घेऊन सेल्सफोर्स ही कंपनी १९९९ मध्ये उभी राहिली. अ‍ॅमेझॉनने साठवणुकीची एस-थ्री ही सेवा २००६ मध्ये आणली आणि मायक्रोसॉफ्टचं ऑफिस ३६५ २०११ मध्ये आलं. पर्याय भरपूर होते, आणि तिथेच आम्ही चुकलो. अडचण दिसेल तशी एकेक सेवा घेत गेलो. चौकशांसाठी एक, फायलींसाठी दुसरी, स्टॉकसाठी तिसरी, दुरुस्तीच्या फेऱ्यांसाठी चौथी, बिलांसाठी पाचवी. पाच सेवा, पाच लॉगिन, पाच मासिक बिलं. त्या त्या वेळी प्रत्येक निवड बरोबरच वाटली होती, आणि एकेकटी पाहिली तर ती बरोबर होतीही.

पण ग्राहकाची नोंद आता पाच ठिकाणी होती. म्हणून आम्ही या सेवा एकमेकींना जोडून घेतल्या. रोज रात्री एक छोटा प्रोग्रॅम चालायचा आणि एकीकडची माहिती दुसरीकडे न्यायचा. एका ग्राहकाने आपला कारखाना नव्या जागी हलवला. आम्ही विक्रीच्या सेवेत पत्ता बदलला. त्या रात्री तो प्रोग्रॅम मध्येच अडकला आणि आमच्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नाही. स्टोअरमध्ये जुनाच पत्ता दिसत होता, तिथूनच माल निघाला. सील जुन्या जागी पोहोचलं, तिथे ते घ्यायला कोणी नव्हतं आणि त्यांचा पंप आणखी दोन दिवस बंद राहिला. ते गृहस्थ चिडले नाहीत. शांतपणे एवढंच म्हणाले, "पत्ता तर मी तुम्हाला दोनदा सांगितला होता." त्यांनी सांगितला होताच. ते वाक्य मला आजही बोचतं.

एकात्मिक प्लॅटफॉर्म, म्हणजे सगळी कामं एकाच नोंदीवर चालवणारी सेवा, शोधायला आम्ही त्या आठवड्यात सुरुवात केली. हा शब्द जाहिरातींमध्ये इतका सैल वापरतात, की नेमकं काय मागायचं हे ठरवायलाच आम्हाला वेळ लागला. एकाच कंपनीची पाच उत्पादनं एका पॅकेजमध्ये मिळाली म्हणजे ती एकात्मिक झाली असं नाही. त्यांच्या पोटात डेटाबेस, म्हणजे नोंदींचे साठे, वेगळे असतील, तर रात्रीचा प्रोग्रॅम तिथेही असतोच, फक्त तो आपल्याला दिसत नाही. म्हणून प्रत्येक प्रात्यक्षिकात आम्ही एकच परीक्षा घ्यायचो: विक्रीच्या पडद्यावर ग्राहकाचा पत्ता बदला आणि त्याच क्षणी स्टोअरचा पडदा उघडून दाखवा. काही ठिकाणी "थोड्या वेळाने दिसेल" असं उत्तर आलं. आम्ही तिथून पुढे निघालो.

विक्री, खरेदी, स्टॉक, दुरुस्ती आणि हिशेब हे सगळं एकाच डेटाबेसवर असलं, की काम आतून बदलतं. माल निघाल्याची नोंद केली की स्टॉक कमी होतो, बिलाचा मसुदा तयार होतो आणि ग्राहकाच्या इतिहासात ओळ पडते. हे सगळं एकाच व्यवहारात घडतं. यातली एक पायरी चुकली तर सगळाच व्यवहार मागे घेतला जातो. अर्धवट नोंद राहत नाही. डेटाबेसच्या जगात ही जुनी, रुळलेली गोष्ट आहे. आम्हाला मात्र तिची किंमत ते दोन दिवस गेल्यावर कळली.

खरं काम त्यानंतर सुरू झालं, आणि त्याबद्दल कोणत्याही विक्रेत्याने आम्हाला पुरेसं सांगितलं नव्हतं. जुनी माहिती नव्या जागी न्यायची तर आधी ती स्वच्छ हवी. बेअरिंगचंच उदाहरण घेतो, कारण या सफाईला लागलेल्या सात आठवड्यांतला मोठा भाग त्यातच गेला. ६२०५ हे अगदी नेहमीचं बेअरिंग. शेवटच्या ०५ ला ५ ने गुणलं की आतला व्यास मिळतो, २५ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना धातूची झाकणं असतील तर पुढे झेडझेड लिहितात, काही उत्पादक टूझेड लिहितात. रबरी सील असतील तर टूआरएस. आमच्या यादीत हे एकच बेअरिंग "६२०५ झेडझेड", "६२०५-झेडझेड", "६२०५झेडझेड" आणि "६२०५ टूझेड" अशा चार नावांनी होतं. चारही नावांखाली थोडा थोडा स्टॉक होता. एका नावाखाली शून्य दिसलं की नवी खरेदी व्हायची, आणि माल मात्र मागच्याच फळीवर पडलेला असायचा. त्याहून वाईट म्हणजे दोन ठिकाणी झेडझेड आणि टूआरएस एकाच नावाखाली आले होते. आत पाणी शिरण्याची भीती असते तिथे हा फरक पंपाच्या जिवावर बेततो.

एक्सेलने भर घातली होती ती वेगळीच. ००४१७ या क्रमांकातली पुढची शून्यं गळून ४१७ उरलं होतं. १२-०५ सारख्या भाग-क्रमांकाची तारीख झाली होती. या बाबतीत आम्ही एकटे नव्हतो, हे नंतर वाचनात आलं. मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही जनुकांच्या नावांची चिन्हं बदलली, त्यात मार्च-१ चं मार्चएफ-१ झालं, कारण एक्सेल त्या नावांच्या तारखा करून टाकत होतं. तिथे शास्त्रज्ञांनी नावं बदलली, इथे आम्ही प्रत्येक क्रमांक मूळ पाकिटावरून पुन्हा वाचला. स्टोअर सांभाळणारे आमचे काका पाकीट हातात धरून वाचायचे आणि मी टाइप करायचो. मालक म्हणून त्या कामाला मी स्वतः बसलो, याचं मला समाधान आहे. कुठला भाग का ठेवला आहे, कुठला कोणत्या पंपाला चालत नाही, हे काकांनी त्या आठवड्यांत जितकं सांगितलं तितकं मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. प्रत्येक वस्तूच्या नोंदीत आम्ही "शेरा" असा एक रकाना ठेवला आहे, तो काकांच्या आग्रहामुळे.

शब्दांवरही बसावं लागलं. "माल दिला" म्हणजे आमच्या दारातून निघाला, की ग्राहकाच्या हातात पडला? विक्रीचे लोक पहिला अर्थ धरत होते, हिशेब बघणाऱ्या ताई दुसरा. नोंद एकच ठेवायची तर अर्थही एकच हवा. आम्ही दोन वेगळे टप्पे केले, "रवाना" आणि "पोच", आणि महिनाअखेरीची नेहमीची वादावादी थांबली.

एक चूक मोकळेपणाने सांगतो. सुरुवातीला आम्ही प्लॅटफॉर्मकडून आमच्या प्रत्येक जुन्या सवयीप्रमाणे बदल करून मागितले. कोटेशनचा नमुना, मंजुरीचे पाच टप्पे, सगळं. पहिलं मोठं अपडेट आलं तेव्हा यातले काही बदल मोडले आणि दोन दिवस कोटेशन निघेनात. मग एकेका बदलासमोर बसून विचारलं, हे आपल्याला का हवं? बहुतेकांना "पहिल्यापासून असंच आहे" याखेरीज उत्तर नव्हतं. ते काढून टाकले आणि मंजुरीचा एकच टप्पा ठेवला. दुरुस्त झालेला पंप दाबाच्या चाचणीत उतरल्याशिवाय रवाना होऊ शकत नाही, ही अडवणूक मात्र आम्ही सोडली नाही. ती आमची ओळख आहे.

सुरक्षेत लगेच जाणवलेला फरक म्हणजे प्रवेश एका ठिकाणाहून देता आणि काढता येतो. पूर्वी एक सहकारी नोकरी सोडून गेला, तेव्हा त्याचं पाचवं लॉगिन अनेक आठवडे सुरूच होतं. आता एका नोंदीवर सगळं बंद होतं, आणि आत येताना पासवर्डबरोबर फोनवरची दुसरी खात्रीही लागते. खरेदीचे दर कोणाला दिसावेत हेही भूमिकेनुसार ठरलेलं आहे.

सगळं एकाच ठिकाणी ठेवण्यात धोका आहे, तो मी लपवणार नाही. ती एक जागा बंद पडली की सगळं बंद. सेवा ९९.९ टक्के वेळ सुरू राहील असं करारात लिहिलेलं असतं, पण हिशेब केला तर वर्षाला पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा त्यात असते. हे तास ऐन गर्दीच्या सकाळीही येऊ शकतात. आमच्याकडे एकदा आले. तेव्हापासून दुसऱ्या दिवशीच्या फेऱ्यांची यादी, पत्ते आणि पंपांचे क्रमांक आदल्या संध्याकाळी छापून ठेवतो. दुसरं म्हणजे, यंत्रं आणि जाळं सांभाळणं पुरवठादाराचं काम असलं तरी आपणच पुसलेली माहिती परत आणण्याची हमी तो देत नाही. आमच्याकडून एका ग्राहकाची जुनी कागदपत्रं चुकून पुसली गेली, ते लक्षात येईपर्यंत परत मिळवण्याची मुदत संपली होती. आता तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक वेगळ्या ठिकाणी, हा बॅकअपचा जुना नियम आम्ही पाळतो. दर आठवड्याला सगळा डेटा बाहेर काढतो, आणि दर तीन महिन्यांनी त्यातला काही भाग खरोखर परत भरून पाहतो. उद्या हा प्लॅटफॉर्म सोडावा लागला तर माहिती आमच्याच हातात असेल, ही खात्रीही त्यातूनच मिळते.

एवढं करून मिळालं काय, तर एका पंपाची गोष्ट सांगतो. दुरुस्तीची नोंद आता ग्राहकाऐवजी पंपाच्या अनुक्रमांकाखाली होते. आमच्या एका तरुण तंत्रज्ञाने फेरीवर निघण्यापूर्वी मोबाइलवर इतिहास उघडला आणि मला फोन केला. "या पंपाचं सील वर्षात चौथ्यांदा जातंय. आपली तीन वेगवेगळी माणसं गेली होती, तिघांनीही सील बदललं आणि परत आले." तिघांचंही काम चोख होतं, फक्त प्रत्येकाला आपली एकच फेरी माहीत होती. त्या दिवशी तो सीलकडे न बघता आधी पाइपकडे गेला. पंपात पाणी आणणाऱ्या पाइपला खाली आधार नव्हता. त्याचा भार पंपाच्या बॉडीवर येत होता, त्यामुळे पंप आणि मोटर जोडणाऱ्या कपलिंगची रेष पुन्हा पुन्हा बिघडत होती आणि तो ताण शेवटी सीलवर निघत होता. पाइपला आधार दिला, अलाइनमेंट केलं. त्या पंपाच्या नोंदीत त्यानंतर सीलची ओळ आलेली नाही. सीलची विक्री कमी झाली, पण त्या ग्राहकाने आपले बाकीचे पंपही आमच्याकडे सोपवले.

सध्या जुन्या डायऱ्यांचं काम सुरू आहे. नऊ डायऱ्यांपैकी दोन झाल्या. दुपारी गर्दी ओसरली की काका चश्मा लावून अक्षर लावतात आणि तोच तरुण तंत्रज्ञ नोंदी भरतो. काल तिसरी उघडली. तिच्या पहिल्याच पानावर काकांना त्याच पंपाचा अनुक्रमांक सापडला.