बाकी ३५

नववीत असताना एका ऑफ तासाला गणिताच्या बाई वर्गावर आल्या आणि फळ्यावर एकच संख्या लिहिली : २,१४,७४,८३,६४७. म्हणाल्या, "ही मूळ संख्या आहे. मी सांगते म्हणून मानू नका, भागून बघा."

आम्ही तुटून पडलो. अंकांची बेरीज ४६, म्हणजे ३ चा भाग नाही. ७ ने भागलं तर बाकी १, १३ ने १०, १७ ने ८. "कुठवर जाणार?" बाईंनी विचारलं. वर्गमूळ ४६,३४० आणि वर थोडं. तिथवरच्या मूळ संख्या पावणेपाच हजारांच्या आसपास. वर्ग गप्प झाला.

तेव्हा बाईंनी ऑयलर या गणितज्ञाची गोष्ट सांगितली. १७७२ साल, सेंट पीटर्सबर्ग, दृष्टी जवळजवळ गेलेली. त्यानं आधी ही संख्या आली कुठून ते पाहिलं : २ चा ३१ वा घात, वजा १. अशा संख्येला ज्या मूळ संख्येनं भाग जाईल, तिच्यातून १ काढला की उरलेल्याला ३१ ने भाग जायलाच हवा. शिवाय तिला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च यायला हवी. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागून १ किंवा ६३ बाकी देणाऱ्या मूळ संख्याच उरतात. पहिली ३११, त्यानंतर थेट १३०३. शेवटपर्यंत मोजल्या तरी शंभराच्या आत!

बाईंनी त्या सगळ्या आम्हाला वाटून दिल्या. माझ्या वाट्याला ३११ आली. घरी तीनदा भागाकार केला, तिन्ही वेळा ६९,०५,०९२ आणि बाकी ३५. दुसऱ्या दिवशी हजेरी घ्यावी तशी बाईंनी एकेकाला बाकी विचारली. कुणाचीच शून्य आली नाही. शेवटचा मुलगा खाली बसला तेव्हा आमच्या वर्गानं ती संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं होतं. त्या दिवशीइतका आनंद मला दहावीच्या निकालानंही दिला नाही.

पुढे सॉफ्टवेअरमध्ये आले. एका जुन्या प्रोग्रॅममध्ये यादृच्छिक (रँडम) संख्या काढायची रीत वाचत होते : आधीच्या संख्येला १६८०७ ने, म्हणजे ७ च्या पाचव्या घातानं गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी घ्या. पडद्यावर आमचीच संख्या! ती मूळ आहे आणि गुणक पारखून घेतलेला आहे, म्हणून १ ते २१४७४८३६४६ मधली प्रत्येक संख्या एकेकदा येऊन गेल्याशिवाय एकही पुन्हा येत नाही. संख्या मूळ नसती तर हे जमलंच नसतं.

१ पासून सुरुवात केली की आधी १६८०७, मग २८२४७५२४९. तिसरी मी मशीनला विचारली नाही. कागद ओढला, वर "कच्चं काम" लिहिलं आणि भागाकार मांडला. बाकी आली १६२२६५००७३. मग प्रोग्रॅम चालवला. जुळली.