आखाजीला राहून गेलेली केबल

सकाळी सव्वासहाला जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीच्या, मुनीमजींचा फोन. रामराम वगैरेत ते कधी वेळ घालवत नाहीत. "भाऊ, काटा मुका झाला. निघा."

तारीख १५ ऑक्टोबर २०२५, बुधवार. दोन दिवसांवर वसुबारस. कापूसपट्ट्यात हा आठवडा कसा असतो, ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. सणाला घरात रोकड हवी म्हणून पहिल्या वेचणीचा कापूस, ओला असो की सुका, लोक ट्रॉलीत भरतात आणि रात्रीच जिनिंगच्या फाटकाशी येऊन लागतात. मी धरणगाव रस्त्याला पोचलो तेव्हा सत्तावीसपर्यंत गाड्या मोजल्या, मग मोजायचं सोडून दिलं.

माझं दुकान जळगावात, गोलाणी मार्केटजवळ. लोकांना वाटतं आम्ही व्हायरस काढतो. खरं तर माझं अर्धं वर्ष जुन्या यंत्राची नव्या कॉम्प्युटरशी सोयरीक जुळवण्यात जातं. अख्ख्या गाडीचं वजन करणारा भुईकाटा, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, सोनाराचा तराजू, पॅथॉलॉजीचं मशीन. ही यंत्रं वीस-वीस वर्षं चालतात. त्यांच्यापुढचा कॉम्प्युटर मात्र दर पाच-सात वर्षांनी नवा येतो, आणि प्रत्येक वेळी भांडण होतं ते मधल्या वायरीवर.

काटा मुका झाला म्हणजे बिघडला नव्हता. प्लॅटफॉर्मखालचे वजन ओळखणारे लोडसेल ठीक, केबिनमधल्या इंडिकेटरवर लाल आकडेही नीट दिसत होते. फक्त ते आकडे कॉम्प्युटरपर्यंत पोचत नव्हते. आणि आकडा पोचला नाही तर छापील चिठ्ठी निघत नाही.

कारण कळायला दोन मिनिटं लागली. स्क्रीनवर स्टार्टचं बटण मधोमध आलं होतं. विंडोज ११.

धाकटे शेठ पुण्याहून सुट्टीला आलेले. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपणार हे त्यांनी वाचलं होतं, ते खरंही होतं. पण गावच्या ग्रुपवर त्याचं "उद्यापासून सगळे कॉम्प्युटर बंद" असं झालं होतं. सपोर्ट संपणं म्हणजे सुरक्षेचे नवे पॅच यायचे थांबणं. त्या रात्री कुठलंच मशीन बंद पडत नाही. शिवाय नाव नोंदवलं तर घरगुती वापराच्या मशीनला ऑक्टोबर २०२६ पर्यंत पॅच मिळायची सोय होती, आणि धंद्याच्या मशीनला पैसे भरून. हे सगळं फॉरवर्डमध्ये कोण लिहितो? रात्री अकराला मशीननं "तुमचा पीसी तयार आहे" असं दाखवलं, यांनी बटण दाबलं. दोन वाजता सगळं सुरळीत झालं, म्हणून झोपायच्या आधी जागा साफ करण्यासाठी जुन्या विंडोजचं फोल्डरही उडवलं. अपग्रेडनंतर दहा दिवस मागं फिरता येतं, ते त्याच फोल्डरच्या जोरावर. पोरगं हुशार आहे. काट्याची चिठ्ठी काढून बघायचं तेवढं त्याला सुचलं नाही. रात्री दोनला काट्यावर गाडी तरी कोण आणणार?

त्याच्यावर मला ओरडता आलं नाही, कारण यात माझाही वाटा होता.

एप्रिलअखेर, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात, मी याच केबिनमध्ये वार्षिक साफसफाईला आलो होतो. जिनिंग बंद, रेचे (सरकी काढायची यंत्रं) थंड, मुनीमजी डुलक्या काढत होते. अण्णांनी, म्हणजे मोठ्या शेठनी, स्वतःहून विचारलं होतं, "भाऊ, ते अकरा टाकून घ्यायचं का आता? सीझन नाही, निवांत आहे." मशीन मीच २०२१ मध्ये विकलेलं. दहाव्या पिढीचा आय३, अकराला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आहे, सगळ्या अटींत बसणारं. आणि मी म्हणालो, "अण्णा, चालू मशीनला हात लावू नये."

हे वाक्य मी हजारदा म्हटलंय, उगाच नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या मोठ्या अपडेटनं काहींच्या फायली उडाल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते वाटप थांबवावं लागलं. तेव्हापासून माझा नियम: नवं आलं की निदान सहा महिने दुसऱ्याला ठेच लागू द्यायची. उलटा पुरावाही आहेच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तेव्हा त्याचा पॅच मार्चमध्येच येऊन पडलेला होता. ज्यांनी हात लावला नाही तेच अडकले. तो पुरावा मी गिऱ्हाइकाला सहसा सांगत नाही. खरं सांगायचं तर आखाजीला मला घरी जायची घाई होती. पुरणपोळी आणि आमरस.

आता ती केबल. इंडिकेटरच्या पाठीमागं नऊ पिनांचा सिरियल पोर्ट असतो, कॉम्प्युटरला तो आता मिळत नाही, म्हणून मधे यूएसबी कन्व्हर्टर लावतात. काट्याचा खर्च लाखांत आणि ही केबल दीडशे-दोनशेची. काटा बसवणारे नेमके इथं पैसे वाचवतात, का ते मला आजवर कळलेलं नाही. तिच्यातली चिप इतकी जुनी की डिव्हाइस मॅनेजर उघडलं तर पोर्टच्या नावाच्या जागी इंग्रजीत एक अख्खं वाक्य: हे मॉडेल २०१२ पासून बंद, पुरवठादाराशी संपर्क साधा. या चिपच्या नकला इतक्या निघाल्या की कंपनीनं नव्या ड्रायव्हरमध्ये (चिप विंडोजला ओळखू यावी म्हणून लागणारा छोटा प्रोग्राम) जुन्या अस्सल चिपचाही आधार काढून घेतला. सुक्याबरोबर ओलंही जळालं. विंडोज १० वर मीच २०२१ मध्ये जुना ड्रायव्हर हातानं बसवून तिला चालवली होती. म्हणजे मला माहीत होतं. आखाजीला आठवलं नाही, एवढंच.

जुना ड्रायव्हर पेनड्राइव्हवर होता. हातानं बसवला. पोर्टवर येणारं दाखवणारं पुटी हे सॉफ्टवेअर उघडून ९६०० चा वेग ठेवला तर पडद्यावर चिनी-जपानी कचरा. इंडिकेटर फिरवून बघितला. पाठीवर चिकटपट्टीवर माझ्याच अक्षरात, २०१६ सालचं: "२४००, ७, ईव्हन, १". काटा बसला त्या दिवशी लिहून ठेवलेलं. तसं सेटिंग केल्याबरोबर आकडे ओळीनं पडायला लागले. त्या नऊ वर्षांपूर्वीच्या मला मी मनातल्या मनात चहा पाजला.

दहा गाड्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या. अकराव्या ट्रॉलीला पुन्हा मुका. विंडोज अपडेटनं मागच्या मागं नवा ड्रायव्हर आणून बसवला होता. पोर्टच्या जागी पुन्हा तेच वाक्य.

आता ड्रायव्हरशी कुस्ती खेळण्यात अर्थ नव्हता, केबलच बदलायची. दुकानातल्या पोराला दुसऱ्या चिपची केबल घेऊन गाडीवर यायला सांगितलं. तोवर बाहेर आवाज चढलेला. एकानं खिडकीतून डोकं घातलं, "भाऊ, काटा कव्हय चालू व्हई?" अण्णांनी निर्णय घेतला: इंडिकेटरचा आकडा बघून मुनीमजी हातानं चिठ्ठी लिहितील. एक म्हातारा ठाम होता, "हातनी चिठ्ठी माले नको." तो ट्रॉलीच्या सावलीत बसून राहिला. मला तेव्हा तो अडेलतट्टू वाटला. बाकीच्यांनी लाल आकडा स्वतः बघितला, मान डोलावली, चिठ्ठी खिशात घातली. अशा सतरा गाड्या गेल्या.

केबल साडेदहाला आली. लावली तर विंडोजनं पोर्टला नंबर दिला कॉम ७. काट्याचं सॉफ्टवेअर चारच्या पुढचं नाव घेत नाही. कॉम १ ते ४ सगळे "वापरात" दाखवत होते, आधीच्या केबल्सची भुतं. बेधडक कॉम ३ दिला, सॉफ्टवेअर बंद करून उघडलं, आणि प्रिंटर करकरला. म्हाताऱ्यानं आपली चिठ्ठी घेतली, दोन्ही बाजूंनी बघितली, माझ्याकडं न बघता गेला.

काम झालं होतं. बिल करून निघालो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण सतरा हातचिठ्ठ्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायच्या होत्या आणि मुनीमजींना नव्या विंडोजचं बिचकणं होतं, म्हणून मी टाइप करायला बसलो. ते वाचत, मी टाकत. भरलेली गाडी, खाली (रिकामी) गाडी, निव्वळ.

तेरावी चिठ्ठी. खाली गाडी २,१९०. सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक्टरचा नंबर टाकला की मागच्या नोंदी बाजूला दिसतात. त्याच ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागच्या तीन खेपांची रिकामी वजनं: २,११०, २,१२०, २,११०.

मी चिठ्ठी मागून घेतली. मुनीमजींचा एक आणि नऊ, दोन्हींना सारखीच गाठ आणि सारखीच शेपटी. २,१९० असेल, २,११० असेल. चुकून नऊ धरला तर शेतकऱ्याचे ८० किलो गेले. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११०, खाजगीत तेवढा मिळत नव्हता, पण त्या दरानं ६,४८८ रुपये.

"मुनीमजी, हा एक की नऊ?"

चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ बघितलं. चाळीस वर्षं ते हेच अक्षर लिहितायत. "नऊच वाटतो," म्हणाले. मग, "ट्रॉलीत ताडपत्री होती का वल्ली? माणसं बसली होती का वर?" त्यांनाच आठवत नव्हतं. रात्री पाऊस शिंतडला होता हे खरं. पण ओली ताडपत्री ८० किलोची?

अण्णांना सांगितलं. ते गल्ल्यावर होते, समोर माणसांची रांग. "पाहू, पाहू. तो येईल परत दुसऱ्या खेपेला." मी जसं होतं तसं २,१९० टाकलं. माझं काम काट्याचं नाही, कॉम्प्युटरचं, असं स्वतःला सांगितलं. निव्वळ वजन आपोआप आलं, एंटर दाबलं.

बिलात केबलचे पैसे लावले, हेलपाट्याचे लावले नाहीत. अण्णांना वाटलं मी दिवाळीची सूट दिली.

पाडव्यानंतर एकदा मुनीमजींना फोन करून विचारलं, तो ट्रॅक्टर परत आला का. म्हणाले, बघून सांगतो. या आठवड्यात पाळधीच्या एका काट्यावर साफसफाईला गेलो होतो. तिथं अजून विंडोज १० च आहे. मालकानं विचारायच्या आधी मी टेबलाखाली वाकलो आणि केबल काढून उजेडात धरली.