खरूज घालवायची तर एकाच रात्री

मोखाडा तालुक्यातल्या एका बालगृहातून आमच्या मुंबईच्या चर्चच्या मंडळीकडे निरोप आला : मुलांची खरूज दोनदा औषध लावूनही जात नाही, कोणी येईल का? पाळकसाहेबांनी काम आरोग्य समितीकडे दिलं. समितीत त्वचारोगाच्या डॉक्टरबाई आहेत, मी परिचारिका आहे. बाकीची माणसं महिला मंडळातली आणि तरुण संघातली.

डॉक्टरबाईंनी फोनवर अधीक्षकांना एकच विचारलं, “औषध कुणाकुणाला लावलं?”

“ज्यांना खाज होती त्यांना.”

अपयशाचं कारण तिथेच सापडलं. खरजेचा किडा पहिल्यांदा अंगावर आला की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मूल धडधाकट दिसतं, शेजारच्या गोधडीत झोपतं आणि किडे वाटत राहतं. म्हणून चाळीस मुलं, गृहमाता, स्वयंपाकीणबाई, रखवालदार, स्वतः अधीक्षक या सगळ्यांना एकाच रात्री औषध लागलं पाहिजे, खाज असो वा नसो. एक जण सुटला तरी महिन्याभरात सगळं पुन्हा सुरू.

औषध पाच टक्के परमेथ्रिनचं क्रीम. सहा ते बारा वयाच्या मुलाला सुमारे 15 ग्रॅम, त्यावरच्यांना 30. छोटी मुलं 26, मोठी 14, कर्मचारी 5, म्हणजे एका वेळेला 960 ग्रॅम. सात दिवसांनी दुसरा हात द्यायचाच, कारण अंड्यांतून नंतर निघणारे किडे पहिल्या हातातून वाचू शकतात. एकूण 30 ग्रॅमच्या 64 ट्यूब. डॉक्टरबाईंच्या चिठ्ठीवर प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक बाजारातून त्या आणल्या, थोड्या जास्तच. मंडळीत देणगीचं आवाहन करताना या वेळी बिस्किटं आणि जुने कपडे नकोत असं स्पष्ट सांगितलं. चादरी, ब्लँकेटं, नेलकटर आणि मोठ्या प्लास्टिक पिशव्या मागितल्या, आणि लोकांनी मनापासून दिल्या.

शनिवारी पहाटेच्या कसारा लोकलने निघून पुढे जीपने पोचलो. आधी तपासणी. बोटांच्या बेचक्या, मनगटं, काखा, बेंबीभोवती, कमरेला. चार मुलांच्या फोडांत पू झाला होता. हे प्रकरण किरकोळ समजू नये. त्या जंतुसंसर्गाने पुढे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. चेहरा सुजला किंवा लघवी लालसर झाली तर थेट रुग्णालय गाठायचं, हे डॉक्टरबाईंनी गृहमातेला दोनदा सांगितलं आणि त्या चौघांचं प्रतिजैविक लगेच सुरू केलं.

दुपार गोधड्यांत गेली, आणि माझ्या मते खरी लढाई तिथेच असते. गोधडी उकळत्या पाण्यात घालणं अवघड, घातली तरी डोंगरातल्या थंडीत एका दिवसात वाळत नाही. पण माणसाच्या अंगापासून तुटलेला किडा दोन-तीन दिवसांतच मरतो. म्हणून गोधड्या पिशव्यांत भरल्या, तोंडं घट्ट बांधली, वर चार दिवसांनंतरची तारीख लिहिली. बऱ्याच ठिकाणी घोळ इथेच होतो : रात्री थंडी वाजते, मुलं पिशवी उघडून आपली गोधडी काढतात. त्यासाठीच तर ब्लँकेटं नेली होती. पिशव्या कोठीत ठेवून अधीक्षकांनी कुलूप लावलं.

जेवणं लवकर उरकली, कारण औषध लावल्यावर हात धुतले तर हातांना पुन्हा लावावं लागतं. नखं कापली. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर लगेच क्रीम लावत नाहीत, अंग कोरडं आणि निवलेलं हवं. मानेपासून तळपायापर्यंत सगळीकडे, नखांखाली, गुप्तांगालाही. फक्त फोडांवर लावून काही उपयोग नाही. मोठी मुलं आपापलं लावत होती, पाठीला एकमेकांची मदत. छोट्यांना गृहमाता आणि काळजीवाहक यांनीच लावलं, मुलगे वेगळ्या खोलीत, मुली वेगळ्या, आणि कुठल्याही खोलीत मोठं माणूस एकटं नाही. आम्ही बाहेरची माणसं दाराबाहेर थांबून यादीवर खुणा करत होतो. सेवेला आलो म्हणून मुलांच्या अंगाला हात लावायचा हक्क मिळत नाही. फोटोही कुणी काढला नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे.

यादीत शेवटी एक नाव उरलं, रखवालदारमामांचं. “मला काही झालेलं नाही,” ते म्हणाले. डॉक्टरबाईंनी बॅटरीच्या उजेडात त्यांची मनगटं पाहिली. कातडीत किड्याने कोरलेल्या बारीक करड्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. मामा मुकाट्याने ट्यूब घेऊन आत गेले. छोटी मुलं रोज संध्याकाळी त्यांच्याच मांडीवर बसायची.

रविवारी सकाळी, बारा तासांनी, सगळ्यांच्या आंघोळी. बंब पहाटेच पेटवला होता. रात्रीचे कपडे आणि चादरी उकळत्या पाण्यात. मग उपासना झाली. ज्यांना बसायचं होतं ती मुलं बसली, बाकीची अंगणात खेळली.

निघताना गृहमातेच्या वहीत लिहून दिलं : पुढच्या शनिवारी दुसरा हात, यादी हीच. खाज दोन ते चार आठवडे राहू शकते, तिला घाबरून वरचेवर क्रीम चोपडू नये, त्याने कातडी आणखी चरचरते. नवे फोड दिसले तरच कळवा. उरलेल्या ट्यूब कपाटात ठेवा. सुट्टीवरून परतणारं प्रत्येक मूल अंथरूण देण्याआधी तपासा, बेचक्यांपासून सुरुवात करून.