लिहिलेले पुन्हा वाचताना

इसवी सन 426 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील हिप्पो या बंदराच्या गावी, म्हणजे आज अल्जीरियातील अन्नाबा शहर आहे त्या जागी, सत्तरी ओलांडलेल्या एका बिशपने आपण आयुष्यभर लिहिलेले सगळे ग्रंथ पुन्हा वाचायला घेतले. संत ऑगस्टीन हे त्यांचे नाव. चाळीस वर्षांत त्यांनी लेखनिकांकडून उतरवून घेतलेल्या मजकुराचा पसारा मोठा होता. त्यांच्याच मोजणीप्रमाणे ते 93 ग्रंथ होते आणि त्या ग्रंथांचे भाग धरले तर 232. ज्या क्रमाने ते लिहिले त्याच क्रमाने त्यांनी ते वाचले, आणि प्रत्येक ग्रंथ कोणत्या प्रसंगाने लिहिला गेला, त्यातले आज काय पटत नाही, कोणते वाक्य गैरसमजाला वाव देते आणि कोणते मुळात लिहायलाच नको होते, याची नोंद केली. या नोंदींचे दोन भागांचे पुस्तक झाले आणि ते 'रिट्रॅक्टेशन्स' या नावाने ओळखले जाते. लेखकाने स्वतःचेच लेखन पुन्हा कसे वाचावे, हा प्रश्न सध्या माझ्यासमोर रोज उभा राहत आहे, आणि त्याचा विचार करताना मी वारंवार या पुस्तकाकडे वळते.

त्यातल्या काही नोंदी वाचताना सोळाशे वर्षांचे अंतर जाणवेनासे होते. आत्म्याच्या अमरत्वावर तरुणपणी लिहिलेल्या एका छोट्या ग्रंथाविषयी ते म्हणतात की त्यातील युक्तिवाद इतका गुंतागुंतीचा आणि इतका आखूड आहे की तो वाचताना माझेच लक्ष थकते आणि मी काय म्हटले आहे ते मला स्वतःलाही जेमतेम कळते. आपल्या पहिल्या ग्रंथांपैकी एकात 'नशीब' हा शब्द वारंवार वापरल्याचा त्यांना खेद वाटतो, कारण लोक त्या शब्दामागे एखादी देवता उभी करतात हे त्यांनी पाहिलेले होते. बायबलच्या उत्पत्ती पर्वावरचे एक अपुरे विवेचन जुन्या कागदांत सापडले तेव्हा ते नष्ट करावे असे त्यांच्या मनात होते. त्याच विषयावर त्यांनी नंतर बारा भागांचा मोठा ग्रंथ लिहिलेला होता, त्यामुळे या अपुऱ्या मजकुराची कोणाला गरज नव्हती. तरीही आपण सुरुवात कशी केली याची खूण म्हणून त्यांनी तो राहू दिला.

मला सर्वांत मोलाची वाटते ती 'कन्फेशन्स' या त्यांच्या सुप्रसिद्ध आत्मकथनावरची नोंद. ही तेरा प्रकरणे लिहिताना मन जसे हलले होते तसे आज वाचतानाही हलते, असे ते मोकळेपणाने सांगतात. पण त्याच नोंदीत ते चौथ्या प्रकरणातल्या एका जागी थांबतात. तारुण्यात त्यांचा एक जिवलग मित्र वारला होता. त्या दुःखाचे वर्णन करताना त्यांनी लिहिले होते की आम्ही दोघे एकच जीव होतो, म्हणून कदाचित मला मरणाची भीती वाटत असावी, कारण मी मेलो तर ज्याच्यावर मी एवढे प्रेम केले तो पुरताच मरून जाईल. हे वाक्य सुंदर आहे आणि आजही ते उद्धृत केले जाते. म्हातारपणी ते वाचताना ऑगस्टीन म्हणतात की हा गंभीर कबुलीजबाब नव्हे, ही वक्तृत्वाची हलकी कसरत आहे. त्यात 'कदाचित' हा एक शब्द आहे, तेवढ्याने तो पोरकटपणा थोडा सौम्य होतो, असेही ते पुढे नोंदवतात.

ऑगस्टीन तरुणपणी वक्तृत्वशास्त्राचे शिक्षक होते. खऱ्या दुःखाच्या मध्यभागी तो शिक्षक लेखणी हातात घेऊन शिरलेला आहे, हे त्यांना सुमारे पाव शतकानंतर दिसले. व्याकरणाची चूक, तपशिलाची चूक, तर्कातली फट या गोष्टी दुसरा कोणीही दाखवून देऊ शकतो. आपल्या सर्वांत भावपूर्ण वाक्यात आपण खरे बोलत होतो की चांगले बोलत होतो, हे मात्र ज्याने ते वाक्य लिहिले त्यालाच कळू शकते, आणि तेही लिहिण्याची धुंदी पूर्ण उतरल्यावर. ताज्या नजरेने वाचणे म्हणजे माझ्या मते हे ओळखता येणे होय.

ही नजर येते कशी, याविषयी रोममधील वक्तृत्वाचे आचार्य क्विन्टिलियन यांनी पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले आहे. दुरुस्तीचा उत्तम मार्ग म्हणजे लिहिलेले काही काळ बाजूला ठेवावे आणि मग ते जणू नवे आणि दुसऱ्याचे आहे अशा भावनेने त्याकडे यावे, कारण नुकते जन्मलेले अपत्य जसे आईबापांना लोभावते तसे ताजे लेखन आपल्याला लोभावते, असे ते सांगतात. त्यांच्या आधी रोमन कवी होरेसने तर कविता नवव्या वर्षापर्यंत दाबून ठेवण्याचा सल्ला दिलेला होता. दिवाळी अंकाचा लेख ऑगस्टमध्ये मागितला जातो आणि सप्टेंबरात पोहोचवावा लागतो, त्यामुळे नऊ वर्षांची चैन आपल्याकडे कोणाला परवडण्यासारखी नाही. पण क्विन्टिलियन यांच्या वाक्यातला 'दुसऱ्याचे' हा भाग मला वेळेपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आपलेच लेखन आपल्याला दिसत नाही, याचे कारण आपण ते वाचतच नसतो, आठवत असतो. डोळे कागदावरून फिरतात आणि अर्थ मनातून पुरवला जातो. मराठीत याची एक नेहमीची जागा म्हणजे सर्वनाम. 'वसंतरावांनी भावाला सांगितले की त्याने घर विकले ते बरे झाले नाही' असे वाक्य लिहिणाऱ्याला घर कोणी विकले हे पक्के ठाऊक असते, म्हणून त्याला त्यात काही अडत नाही. ज्याला गोष्ट ठाऊक नाही तो मात्र भाऊ की तिसराच कोणी, असा विचार करत तिथे क्षणभर अडखळतो. दुसरी जागा क्रियापदाची. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, आणि लांब वाक्य लिहिणाऱ्याला ते पहिल्या शब्दापासून माहीत असल्यामुळे मध्ये कितीही पोटवाक्ये घातली तरी त्याचा धागा तुटत नाही. वाचक मात्र सगळे शब्द ओंजळीत धरून त्या क्रियापदाची वाट पाहत असतो. अशा वाक्याची तपासणी मोठ्याने वाचूनच होते, कारण डोळ्यांना फसवता येते तसे श्वासाला फसवता येत नाही. मी स्वतः महत्त्वाचा मजकूर छापून घेते, अक्षराचे वळण आणि ओळीची रुंदी बदलून घेते, आणि घरातल्या कोणाला तरी तो मला वाचून दाखवायला सांगते. वाचणारा ज्या ठिकाणी उगाच थांबतो किंवा ज्या शब्दावर चुकीचा जोर देतो, तिथे पेन्सिलीने खूण करणे एवढेच मग माझे काम उरते. परक्या आवाजात ऐकलेला आपला मजकूर काही अंशी तरी खरोखर परका होतो.

क्विन्टिलियन आणखी एक गोष्ट सांगतात, आणि लेखनाच्या कार्यशाळांमध्ये ती क्वचितच सांगितली जाते. दुरुस्तीलाही शेवट असला पाहिजे. काही लोक लिहिलेले सगळेच सदोष आहे असे धरून चालतात आणि प्रत्येक वाचनात काही ना काही बदलतात. कानशीने वस्तू गुळगुळीत व्हावी, झिजून जाऊ नये, असे त्यांचे म्हणणे आहे.

हे सगळे झाले छापण्यापूर्वीच्या वाचनाविषयी. तिथे लेखकाने स्वतःशी निष्ठुर व्हावे, याबद्दल फारसा मतभेद असण्याचे कारण नाही. खरा प्रश्न छापून झाल्यानंतरच्या वाचनाचा आहे. मजकूर लोकांच्या हाती गेलेला आहे, कोणी तो पाठ केलेला आहे, आणि आपल्याला आता तो पटत नाही. अशा वेळी काय करायचे?

इंग्रजी कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी याचे एक उत्तर दिले. सप्टेंबर 1939 मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा न्यूयॉर्कमध्ये असताना त्यांनी त्या तारखेचेच नाव असलेली कविता लिहिली. एकमेकांवर प्रेम केले पाहिजे, नाही तर मेले पाहिजे, अशा आशयाची तिच्यातली ओळ जगभर गेली. ऑडेन यांना मात्र ती पुढे खोटी वाटू लागली, कारण प्रेम केले तरी मरण चुकत नाही. 1945 च्या संग्रहात त्यांनी ती ओळ असलेले कडवेच गाळले. 1955 मध्ये एका निवडक काव्यसंग्रहासाठी त्यांनी 'नाही तर' काढून तिथे 'आणि' घातले, म्हणजे प्रेम केले पाहिजे आणि मेले पाहिजे, असा अर्थ झाला. त्यानेही समाधान झाले नाही, तेव्हा 1966 च्या संग्रहातून त्यांनी संपूर्ण कविताच काढून टाकली. वाचकांनी मात्र त्यांचे ऐकले नाही. सप्टेंबर 2001 मध्ये न्यूयॉर्कवर हल्ला झाल्यानंतर हीच कविता असंख्य लोकांनी एकमेकांना पाठवली.

ऑडेन यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला नितांत आदर आहे. लोकांना सर्वाधिक आवडलेली ओळ खोटी आहे असे म्हणण्यासाठी मोठे धैर्य लागते, आणि त्यांची नजर ताजी होती यात शंका नाही. तरीही त्यांनी निवडलेला मार्ग मला पटत नाही. 'आणि' घालून सुधारलेली ओळ तर्काला धरून आहे, परंतु युद्धाच्या पहिल्या दिवशी भेदरलेल्या माणसाच्या तोंडची ती राहिलेली नाही. 1939 साली बत्तिशीत असलेल्या कवीच्या कवितेत 1955 सालच्या कवीने एक शब्द घातला, आणि हे दोघे एकच होते असे म्हणण्यापुरतेच ते एक होते.

या ठिकाणी मला एकनाथांची आठवण होते. शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथ अतिशुद्धच होता, नकला आणि पाठांतरे यांमुळे तो बिघडला, असे ते नोंदवतात, आणि शेवटी बजावतात : 'ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचें ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥' एकनाथ स्वतः केवढे कवी होते! ज्ञानेश्वरीत भर घालण्याचे सामर्थ्य त्यांच्याइतके कोणाकडेच नव्हते, आणि तरी त्यांनी ते आपले काम मानले नाही. हा निर्बंध अर्थातच दुसऱ्याच्या ग्रंथाविषयी आहे. पण पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे आपले लेखनही एका अर्थाने दुसऱ्याचेच असते. क्विन्टिलियन ज्या परकेपणाची कल्पना करायला सांगतात, तो इतक्या काळाने कल्पना करावी न लागता येतो, आणि एकदा तो आला की त्याच्याबरोबर दुसऱ्याच्या मजकुराविषयीची मर्यादाही आपोआप यायला हवी.

म्हणूनच मला ऑगस्टीन यांची रीत अधिक योग्य वाटते. त्यांनी जुने ग्रंथ तसेच राहू दिले आणि आजचे मत शेजारी स्वतंत्रपणे मांडले. या रीतीत स्वतःचा बचावही आहे, हे मान्य केले पाहिजे. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीच्या बळावर पाप टाळू शकतो असे मानणाऱ्या पेलाजियसच्या पंथाचे लोक ऑगस्टीन यांच्याच जुन्या वाक्यांचा त्यांच्याविरुद्ध आधार घेत होते, आणि 'रिट्रॅक्टेशन्स'मधील काही नोंदी या वादात उत्तर देण्यासाठी लिहिलेल्या आहेत, हे वाचताना स्पष्ट कळते. काही ठिकाणी ते आपल्या जुन्या वाक्याला इतका नवा अर्थ देतात की तो त्या वाक्यात होता असे मानणे जड जाते. पण आपल्याला हे तपासता येते, याचे कारण ते जुने वाक्य त्यांनी जागेवर ठेवले आहे.

हा प्रश्न माझ्यासमोर रोज उभा राहण्याचे कारण असे की माझ्या ललित लेखांचा संग्रह करण्याचे सध्या चालले आहे. हे लेख निरनिराळ्या दिवाळी अंकांत आणि पुरवण्यांत पूर्वी छापले गेले, आणि त्यांची कात्रणे टंकलिखित करून मी क्रमाने वाचत आहे. सुरुवातीच्या लेखांतल्या भाषेवर तेव्हाच्या वाचनाची छाप आहे, आणि शेवटच्या परिच्छेदात लेख उंच नेण्याची धडपड दिसते. तो सगळा भाग आज मी लिहिणार नाही. पण त्याच लेखांमध्ये गावाकडच्या बायकांच्या बोलण्याचे, भांड्यांचे, दुपारच्या कामांचे जे तपशील आहेत ते आज माझ्या स्मरणात उरलेले नाहीत, आणि मी ते लिहून ठेवले नसते तर ते कायमचे गेले असते. त्या वयाची लेखिका मला ज्या गोष्टी सांगते त्या मी आता तिला सांगू शकत नाही. तिचे शेवटचे परिच्छेद तेवढे छाटून तपशील ठेवावेत, असा मोह होतो. परंतु ते तपशील टिपायला तिला ज्या उत्साहाने भाग पाडले, त्याच उत्साहातून ते परिच्छेदही आलेले आहेत.

यावर मी असे ठरवले आहे की शुद्धलेखन आणि उघड मुद्रणदोष यांखेरीज लेखांना हात लावायचा नाही. जिथे वस्तुस्थिती बदलली आहे किंवा माझे मत बदलले आहे, तिथे लेखाखाली आजच्या तारखेची छोटी टीप द्यायची, आणि ती टीप लेखाचे समर्थन करण्यासाठी वापरायची नाही. संपादकांचे म्हणणे होते की लेख विषयवार लावले तर पुस्तक अधिक बांधेसूद होईल, आणि वाचकाच्या सोयीचा विचार केला तर ते रास्तही होते. परंतु ऑगस्टीन यांनी प्रस्तावनेत म्हटले आहे की माझे ग्रंथ जो लिहिले त्या क्रमाने वाचील, त्याला लिहिता लिहिता माझी प्रगती कशी झाली हे कदाचित कळेल. ते मी संपादकांना वाचून दाखवले. त्यावर आमची बरीच चर्चा झाली, आणि आता लेख कालक्रमानेच लागणार आहेत, प्रत्येकाच्या शेवटी तो प्रथम छापला गेल्याचे वर्ष असेल आणि विषयांची सूची पुस्तकाच्या अखेरीस दिली जाईल.