जपानी प्रार्थनागीतं आणि इकित्सुकीचं ओराशो

सध्या जपानी प्रार्थनागीतं ऐकायचं वेड लागलंय आणि त्यातलं ओराशो तर डोक्यातून जातच नाहीये. नागासाकीकडे इकित्सुकी नावाचं छोटं बेट आहे, तिथल्या लपून राहिलेल्या ख्रिश्चनांची ही गाणी. १६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली ती उठली थेट १८७३ मध्ये, म्हणजे अडीचशेहून जास्त वर्षं बंदी, त्यातला बराच काळ ना पाद्री ना चर्च, पकडले गेले तर जीवावर बेतायचं, तरी या लोकांनी पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ करून लॅटिन स्तोत्रं जिवंत ठेवली! घरातल्या आतल्या खोलीत देवाची चित्रं लपवलेली, त्यात मेरी चक्क किमोनो घालून, कडेवर बाळ. गाण्याला वाद्य नाही काही नाही, नुसते पुरुषांचे आवाज, चाल पार जपानी झालेली. तात्सुओ मिनागावा नावाच्या संगीत अभ्यासकाने यातल्या एका गाण्याचं मूळ शोधत युरोपातल्या लायब्ररी पालथ्या घातल्या, आणि ते सापडलं सोळाव्या शतकातल्या स्पेनच्या स्तोत्रात. केवढी चिकाटी ही, मला तर भरूनच आलं.

बौद्धांची गोएइका, म्हणजे यात्रेत म्हणायची पदं, ती वेगळी. पश्चिम जपानातल्या साइगोकू भागात कान्नोन या करुणेच्या देवतेच्या ३३ देवळांची यात्रा असते, प्रत्येक देवळाचं स्वतःचं पद, हातात छोटी घंटा, संथ लय. आमच्या घणसोलीच्या भजनी मंडळातल्या काकांना मोबाईलवर ऐकवलं तर टाळ कुठे पडेल ते त्यांनी लगेच पकडलं, आणि म्हणाले अजून लाव.