हे चेक वटतील का?

मराठवाड्यातल्या छोट्या सामाजिक संस्था चालवणाऱ्यांचा आमचा एक मंच आहे. वर्षाला हजार रुपये वर्गणी, अंबाजोगाईत भाड्याच्या दोन खोल्या आणि समन्वयक म्हणून मी. सभासदांपैकी बरेचजण 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर मदतकार्यात उतरले आणि मग त्यातून बाहेर पडलेच नाहीत. तेव्हा पंचविशीत होते, आता साठीला टेकलेत. कुणी एकल महिलांचे गट बांधतं, कुणी पाणलोटाची कामं करतं, कुणी ऊसतोड मजुरांच्या मुलांना सांभाळतं.

13 फेब्रुवारी 2025 चा गुरुवार. मंचाच्या बैठकीचा विषय होता 12ए च्या, म्हणजे संस्थेला आयकरात सूट मिळवून देणाऱ्या नोंदणीच्या नूतनीकरणाचा. नव्या नियमांत पाच वर्षांची नोंदणी मिळालेल्या बहुतेक संस्थांची मुदत मार्च 2026 ला संपणार होती आणि त्यासाठी 10एबी चा फॉर्म सप्टेंबर 2025 संपायच्या आत भरायचा होता. लातूरहून सीए मॅडम आल्या होत्या. एकोणीस जण सतरंजीवर बसलेले, प्रत्येकाच्या मांडीवर फाइल.

मागच्या भिंतीला टेकून एक ताई बसल्या होत्या. बीड जिल्ह्यातल्या एका डोंगरपट्ट्यातल्या गावात त्यांची संस्था हंगामी वसतिगृह चालवते. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यांवर जातात. लेकरं मागे राहिली तर शाळा टिकते, बरोबर गेली तर वर्ष बुडतं. त्या वर्षी ताईंकडे 43 मुलं होती. संस्था उभी केली ती भाऊंनी. भाऊ 4 डिसेंबरला गेले. मी तेराव्याला जाऊन आलो होतो, ताईंना म्हणालोही होतो, काही लागलं तर सांगा. ते वाक्य आपण सगळेच म्हणतो. पुढचे दोन महिने त्यांचा फोन आला नाही आणि मीही केला नाही, याची मला आजही टोचणी आहे.

जेवायची सुट्टी झाली. ताई ताटावर आल्या नाहीत. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, "दादा, एक विचारू का? ओरडू नका." कापडी पिशवीतून त्यांनी प्लास्टिकचं पाकीट काढलं. आत सहा चेक होते. नाव नाही, रक्कम नाही, तारीख नाही. खाली उजवीकडे फक्त भाऊंची सही. पहिल्या चेकवरची सही मी ओळखली, वीस वर्षं पाहिलेली. पुढच्या चेकवर अक्षर घसरत गेलेलं, सहाव्यावर तर शेवटची रेघ थेट कागदाच्या कडेपर्यंत ओढली गेली होती.

"दवाखान्यात असताना केल्या," ताई म्हणाल्या. "म्हणाले, लेकरं उपाशी राहायला नकोत. तुझी सही कर आणि चालव. हे वटतील का?"

अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष या तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने खातं चालायचं. कोषाध्यक्ष 2021 मध्ये कोविडमध्ये गेले. तेव्हापासून भाऊ आणि सचिव म्हणून ताई अशा दोनच सह्या. आता एकच. खात्यात मुलांच्या नावाने आलेले दोन लाखांवर रुपये होते आणि किराणा दुकानदाराची उधारी डिसेंबरपासून चढत होती. बँक म्हणत होती, नव्या विश्वस्तांची नावं चढलेलं परिशिष्ट 1, म्हणजे धर्मादाय कार्यालयातली विश्वस्तांची नोंद, आणा, मग सह्या बदलू. बँकेचं चूक नव्हतं. पण परिशिष्टावर अजून पाच नावं जुनीच होती आणि त्यांतली तीन माणसं हयात नव्हती. राहिलेले दोघं म्हणजे ताई आणि गावातले एक निवृत्त गुरुजी.

एव्हाना चार-पाच जण हातात ताट घेऊनच भोवती उभे राहिले होते. एकजण म्हणाले, "सही खरी आहे ना, मग भरा. सगळेच करतात." सीए मॅडम खाली बसल्या, चेक हातात न घेताच म्हणाल्या, "ताई, सही त्यांच्या हयातीतली आहे, पण तारीख आणि रक्कम तुम्ही आज टाकणार. उद्या कुणी तक्रार केली तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. भाऊ यायचे नाहीत." दुसऱ्या कुणीतरी सुचवलं की प्रोसिडिंगला मागची तारीख टाकून ठराव लिहून टाका. त्यावर धारूरकडचे आमचे एक ज्येष्ठ सभासद, एरवी बैठकीत फारसं न बोलणारे, ताट खाली ठेवून म्हणाले, "मी लिहिला होता असा ठराव. सात वर्षं झाली. विश्वस्त बदलल्याचा अर्ज अजून निकाली नाही. हरकत घेणारा माझाच जुना सहकारी आहे."

खोलीत कुणी बोलेना. मग एक बाई म्हणाल्या, आमच्याही दोन विश्वस्तांची नावं अजून तशीच आहेत. मग तिसरे. देणगीदारासमोर, कंपनीच्या सीएसआरवाल्यांसमोर ही माणसं कधी असं बोलत नाहीत, बोलूही शकत नाहीत. तिथे संस्था नेहमी धडधाकटच दिसावी लागते. त्या दुपारी एकोणिसांपैकी अकरा जणांनी सांगितलं की आपलं परिशिष्ट 1 वस्तुस्थितीप्रमाणे नाही. 12ए राहिलं बाजूला. मॅडमनीच वही मिटली.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 चं कलम 22 सांगतं की विश्वस्तांत बदल झाला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. भाऊंना जाऊन 71 दिवस झाले होते. म्हणजे हातात 19 दिवस होते! ताईंना हे कुणी सांगितलंच नव्हतं, त्या वेळ गेली असंच धरून बसल्या होत्या. आधीच्या दोघांसाठी मात्र विलंब माफीचा अर्ज लागणार होता. पिशवीतच संस्थेची घटना होती, टंकलेखन केलेली, कडा पिवळ्या पडलेली. धारूरचे काका चष्मा कपाळावर चढवून एकेक कलम मोठ्याने वाचत गेले आणि नवव्या कलमाशी थांबले: रिक्त जागा उरलेल्या विश्वस्तांनी ठराव करून भराव्यात. ताईंनी त्यांच्या हातून तो कागद घेतला आणि तेच वाक्य पुन्हा स्वतः वाचलं.

पुढचं काम कारकुनीचं होतं आणि ते सगळ्यांनी वाटून घेतलं. सभेच्या नोटिशीचा मसुदा, अजेंडा, संमतीपत्रांचा नमुना, प्रतिज्ञापत्र, मृत्यूचे तीन दाखले कुठून काढायचे त्याची यादी. सभा खरी घ्यायची, खऱ्या तारखेला, गुरुजींच्या घरी, कारण त्यांना चालवत नव्हतं.

उरला प्रश्न धान्याचा. एका ट्रस्टचा पैसा दुसऱ्या ट्रस्टला असाच उचलून देता येत नाही, द्यायलाही नको. तेव्हा ज्याला जमेल त्याने आपल्या खिशातून द्यायचं ठरलं. परळीच्या एकांनी दोन पोती ज्वारी कबूल केली, कुणी तेलाचे डबे, कुणी डाळ. संध्याकाळी ताई पावतीपुस्तक काढून बसल्या. आम्ही म्हणालो, राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही. वस्तुरूप देणगी, ज्वारी दोन पोती, असं लिहून प्रत्येकाची पावती फाडली. त्यानंतर पाच चेकवर आडवं 'रद्द' लिहिलं. सहाव्यावर लिहायला त्यांना बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

बदल अर्ज मुदतीत दाखल झाला. मुलांचे आईबाप पाडव्याच्या सुमारास परतेपर्यंत चूल एकही दिवस विझली नाही. उधारी मात्र त्यानंतरच फिटली, दोन सह्यांच्या चेकने. त्यातली एक सही ताईंची, दुसरी नव्या कोषाध्यक्षांची. त्या याच वसतिगृहात शिकलेल्या आहेत, आईबाप अजून कारखान्यावर जातात.

मंचाच्या सभासद अर्जात आम्ही तेव्हापासून एक रकाना वाढवलाय: परिशिष्ट 1 वर नावं किती, त्यांतले हयात किती. पहिला अर्ज मी आमच्या मंचाचाच भरला. नावं सात, हयात सहा.