बिटॲक्स, खारा वारा आणि १२ व्होल्टची पिन: हर्णैतली नोंद

सहा महिन्यांचा हिशेब आधी देतो. दोन बिटॲक्स घेतले, म्हणजे घरच्या घरी बिटकॉइन मायनिंग करायची छोटी यंत्रं (मायनिंग म्हणजे नव्या बिटकॉइनच्या बक्षिसासाठी सतत आकडेमोड करत राहणं). त्यातला एक माझ्याच हातून मेला, दुसरा चालू आहे. बिटकॉइन शून्य. आता सविस्तर.

जानेवारीत डोक्यात एस९च होता, म्हणजे मायनिंगचं मोठं यंत्र. आपल्यातले बरेच जण तिथूनच सुरू करतात. जुना अँटमायनर एस९ कवडीमोलाने मिळतो आणि १३.५ टेराहॅश (सेकंदाला साडेतेरा लाख कोटी हिशेब) हा आकडा ऐकायला दणदणीत वाटतो. रत्नागिरीला एकाकडे एक होता, बघायला गेलो. चालू करून दाखवा म्हटलं. पंखे फिरले आणि आमचं बोलणंच बंद पडलं. हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावात निदान शेजारच्याचं ऐकू येतं, इथे तेही नाही. बंद केल्यावर मोबाइलच्या टॉर्चने वीज आत घेणाऱ्या सहा पिनांच्या खोबणी तपासल्या. तीन हॅशबोर्ड (चिपा बसवलेले बोर्ड), प्रत्येकाला तीन केबली, कंट्रोल बोर्डाची एक, अशा एकूण दहा. त्यातल्या चारांत न घासलेल्या तांब्याच्या भांड्यावर दिसतो तसा हिरवा थर. चौकशी केली तर यंत्र दोन वर्षं किनाऱ्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये चाललेलं. पंखा हवा ओढतो तसं तिच्यातलं मीठही ओढतो. थर चढलेली पिन तापते, आणि एवढा करंट वाहत असताना पिन तापली की भोवतालचं प्लॅस्टिक वितळायला लागतं.

मोह तरीही सुटला नव्हता. घरी येऊन कागदावर मांडलं. १३५० वॅट म्हणजे दिवसाला ३२ युनिट. आमच्या घराला पंप-फ्रीज धरून महिन्याला दीडशे युनिट लागतात, म्हणजे आमची महिन्याची वीज हा पाच दिवसांत खाणार. बिलाची रक्कम भागिले युनिट केलं तर वरच्या स्लॅबात मला युनिट १२ रुपयांच्या खाली पडत नाही. रोजचे झाले साधारण ३८५ रुपये. आता मिळकत. ब्लॉकमागे (ब्लॉक म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, तो आधी सोडवणाऱ्याला बक्षीस) ३.१२५ बिटकॉइन, दिवसाला सरासरी १४४ ब्लॉक, म्हणजे जगभरात मिळून ४५०. नेटवर्क, म्हणजे जगभरातली सगळी यंत्रं मिळून, ९०० एक्झाहॅश धरलं (एक एक्झाहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश) तर त्यात एस९चा वाटा ६७५ सातोशी (सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग), आणि बिटकॉइन ९० लाखांचा धरला तर त्याचे साठेक रुपये. पूलची, म्हणजे मिळून मायनिंग करून मिळकत वाटून घेणाऱ्या गटाची, फी अजून काढलेली नाही. ३८५ घालून ६० मिळवायचे आणि वर कानाला बोळे! कागद घडी करून ठेवला. पुन्हा मोह झाला की उघडतो.

जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावरच्या मायनिंगवर, फार बोलण्यासारखं उरलं नाही. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या दुसऱ्या चलनाने मायनिंग बंद केलं आणि घरगुती जीपीयूचं गणित तिथेच कोलमडलं. 'फक्त गेमिंगला वापरलंय' अशी शपथ घेऊन आरएक्स ५८० कार्ड विकणारे अजून भेटतात. थर्मल पॅडमधून तेल झिरपलंय का तेवढं बघा, शपथेचं काय ते कळेल.

घरात डेस्कटॉप पडून असेल तर मात्र एक रुपया न घालता मोनेरो या चलनाचं मायनिंग करून बघा. मी दोन महिने तेच केलं आणि शिकायला सगळ्यात जास्त तिथेच मिळालं. मोनेरोचा रँडमएक्स हा अल्गोरिदम २०१९पासून आहे आणि तो मुद्दाम साध्या प्रोसेसरला धार्जिणा बनवलाय. त्याला थ्रेडमागे २ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) लागते, शिवाय २ जीबीच्या वर रॅम. माझ्या आय५-६५००ला कोअर चार, पण कॅश ६ एमबी. चौथा थ्रेड जबरदस्तीने लावून पाहिला, तर हॅशरेट वाढायच्या ऐवजी घसरला. म्हणून यासाठी सेकंडहँड प्रोसेसर घेणार असाल तर गिगाहर्ट्झ नंतर बघा, कॅश आधी. रायझन ५ ३६००ला ती ३२ एमबी आहे. आणि एक्सएमरिग हे मायनिंगचं सॉफ्टवेअर उतरवल्या उतरवल्या अँटिव्हायरसने गायब केलं तर घाबरू नका. फक्त ते मूळ जागेवरूनच घेतलंय याची खात्री करा.

मार्चमध्ये बिटॲक्स गॅमा आला. कस्टम्स वगैरे धरून १४ हजारांच्या आत. तळहातावर मावणारा बोर्ड, त्यावर बीएम१३७० ही एकच चिप, अँटमायनरच्या एस२१ प्रोमध्ये असते तीच. १.२ टेराहॅश, भिंतीपाशी मोजले तर १८ वॅट. म्हणजे एस९च्या अकराव्या भागाएवढं काम आणि पंचाहत्तराव्या भागाएवढी वीज. महिन्याला १३ युनिट, दीडशे रुपये. वायफाय २.४ गिगाहर्ट्झचंच लागतं. आमच्या चिऱ्याच्या भिंतींतून ते जेमतेम पोचत होतं म्हणून यंत्र माजघरात राउटरशेजारच्या कोनाड्यात ठेवलं. आईने दोन दिवस विचारलं, "रात्रभर काय घरघरतंय रे ते?" तिसऱ्या दिवशी तिनेच त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला. चिप ७० अंशांवर गेलेली बघितल्यावर मला कळलं.

आता ती चूक. मेमधला वळीव, रात्री साडेनऊला लाईट गेली. राउटर मिनी-यूपीएसवर होता, त्याची दुसरी पिन मोकळी लोंबत होती. म्हटलं बिटॲक्सही त्यावर चालवू, दोन तास कशाला फुकट घालवायचे. तोंडात मोबाइलचा टॉर्च धरून पिन खुपसली. पिन अगदी चपखल बसली, कारण दोन्हीकडे तीच ५.५ बाय २.१ मिलिमीटरची खोबण. फरक एवढाच की यूपीएसमधून येत होते १२ व्होल्ट आणि गॅमाला लागतात ५. डिस्प्ले एकदा उजळला, टक् असा बारीक आवाज आला आणि माजघरात जळका वास. टॉर्च तोंडात असल्यामुळे शिवीसुद्धा नीट देता आली नाही.

दोन तास वाचवायला गेलो आणि १४ हजार घालवले!

दुसरा जूनमध्ये घेतला. पहिल्या दिवशी केलेलं काम म्हणजे त्याच्या ॲडाप्टरच्या पिनेला बहिणीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका, आणि यूपीएसच्या मोकळ्या पिनेवर इन्सुलेशन टेपचे चार वेढे. लाईट गेली तर जाऊ दे.

पावसाची तयारी अशी. बोर्डाला कन्फॉर्मल कोटिंगचा (ओलावा अडवणाऱ्या पातळ थराचा) स्प्रे मारला. चिप, तिच्यावरचा हीटसिंक, बटणं आणि सगळ्या खोबणी आधी चिकटपट्टीने झाकल्या. यूएसबीची खोबण झाकायची विसरलो आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने अर्धा तास घासत बसलो. डब्यात कोंडून सिलिका जेल ठेवणं हा प्रकार करू नका. चालू यंत्राला हवा लागतेच, आणि चालू असताना ते गरम असल्यामुळे त्यावर ओलावा बसतही नाही. घात होतो तो बंद ठेवल्यावर. म्हणून गावाला गेलो तरी ते चालूच ठेवतो. पंख्याची पाती पंधरा दिवसांनी पुसतो, फडक्यावर चिकट राखाडी थर येतो. जिभेला लावून पाहिला, खारट आहे.

यंत्र सोलो पूलवर आहे, म्हणजे ब्लॉक मिळाला तर बक्षीस वाटायचं नाही, नाही मिळाला तर काहीच नाही. याच वेगाने ब्लॉक मिळायला सरासरी १४ हजार वर्षं लागतील. पूलमध्ये वाटून घेतलं तर दिवसाला ६० सातोशी म्हणजे पाचेक रुपये, वीजही तेवढ्याचीच. म्हटलं, पाच रुपयेच करायचे तर लॉटरी बरी. कराचंही ध्यानात ठेवा. विकून झालेल्या फायद्यावर २०२२पासून सरसकट ३० टक्के, अधिक सेस. त्यातून वीजबिल किंवा यंत्राची किंमत वजा होत नाही, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्यात वळताही करता येत नाही. मला अजून त्याची झळ नाही, भरायला काही मिळालेलंच नाही.

पहिल्या, मेलेल्या यंत्राची बेस्ट डिफिकल्टी (सापडलेल्या सगळ्यात अवघड उत्तराचा आकडा) १.१ अब्जावर थांबली. ९०० एक्झाहॅशच्या नेटवर्कला ब्लॉकसाठी लागते साधारण १२६ ट्रिलियन, म्हणजे अजून लाखपट. पूलच्या पानावर तो आकडा त्याच्या नावापुढे अजून दिसतो. नव्याने परवापर्यंत ३८ कोटी गाठलेत, कोनाड्यात चिप ५९ अंशांवर आहे आणि रुमाल परत टीव्हीवर गेलाय.